सवता सुभा

माझ्या धाकट्या काकांनी वेगळी चूल मांडली तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. वेगळी चूल म्हणजे फार काही नव्हतं. वाड्याच्या मागच्या पडवीत तट्ट्यांची एक आडभिंत उभी राहिली, तिच्यापलीकडे काकूचा स्टोव्ह गेला, दोन पितळी पातेली गेली आणि माझ्या चुलतभावंडांची जेवायची वेळ बदलली. शेजारच्या बाईंनी आजीला विचारलं, काय झालं हो? आजी सुपात तूर पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यानं मांडला सवता सुभा, आपल्याले काय कराचं बाप्पा."

सुभा ही मांडायची वस्तू आहे एवढंच मला कळलं. पाट मांडतात, चूल मांडतात, भातुकली मांडतात, तसाच सुभा. बहुतेक पितळेचा असावा, कारण त्या दिवशी घरातून पितळच बाहेर गेलं होतं. पुढे शाळेच्या इतिहासात 'सुभा म्हणजे मुघल साम्राज्याचा प्रांत' हे वाक्य आलं तेव्हा मला ते चक्क चुकीचं वाटलं. काकूच्या स्टोव्हचा आणि दिल्लीच्या बादशहाचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो मला यंदा नीट भेटला. बाबा आणि काका दोघेही सत्तरीपार गेले. जिवंतपणीच शेताची आणि वाड्याची रीतसर वाटणी करून टाकू, म्हणजे पुढच्या पिढीत भांडणं नकोत, असं ठरलं. कागद शोधताना माळ्यावरच्या ट्रंकेत मोडीतली काही पानं निघाली. मोडी येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना त्यांचे फोटो पाठवले. बहुतेक मजकूर देण्याघेण्याचा आणि कंटाळवाणा निघाला, पण एका पानाच्या डोक्यावरची ओळ त्यांनी अक्षर अक्षर लावून दिली : मौजे मजकूर, परगणे अमुक, सरकार मेहकर, सुभे वऱ्हाड. 'अमुक' माझा आहे. परगण्याच्या नावावरच कसर लागली होती.

आमचं गाव लोणारच्या जवळचं. आजोबा आयुष्यभर पत्त्यात 'तालुका मेहकर' लिहीत आले. लोणार वेगळा तालुका झाल्यावरही त्यांचा हात मेहकरच लिहायचा, आणि टपाल पोचायचंही. आता त्या कागदावर मेहकर तालुक्याच्या जागी मेहकर 'सरकार' पाहिल्यावर ही उतरंड कुणी आणि कधी रचली, हे शोधल्याशिवाय मला राहवेना.

रचली अकबराने, निदान तिचा वरचा मजला तरी. सरकार आणि परगणा हे खालचे मजले जुने. शेरशहाच्या कारभारात ते होते, परगणा तर त्याच्याही आधीपासून. अकबराने त्यांच्यावर छप्पर घातलं. १५८० साली त्याने साम्राज्याचे १२ भाग पाडले आणि प्रत्येकाला 'सुभा' हे नाव दिलं : काबूल, लाहोर, मुलतान, दिल्ली, आग्रा, अवध, अलाहाबाद, बिहार, बंगाल, अजमेर, माळवा, अहमदाबाद. कुठे मुलखाचं नाव, कुठे राजधानीच्या शहराचं. दख्खन त्यात नव्हती. आमचं वऱ्हाड तेव्हा अहमदनगरच्या निजामशाहीत होतं.

ही विभागणी नकाशावर रेघा मारून झाली असं आपल्याला वाटतं, कारण आपण प्रांत नकाशातच पाहिलेत. अकबराच्या कारकुनांपुढे नकाशा नव्हता, वही होती. त्याच साली दहा वर्षांच्या पिकांची आणि भावांची सरासरी काढून सारा ठरवण्याची दहसाला पद्धत आली. सुभे आणि दहसाला ही जुळी भावंडं. कुठल्या सुभ्यातून किती येणं आहे, ते एका पानावर मांडता यावं म्हणून ते पान आखलं गेलं. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आईन-इ-अकबरी या कारभाराच्या ग्रंथात सगळ्या सुभ्यांची मिळून बेरीज दिली आहे, ३ अब्ज ६२ कोटी ९७ लाख ५५ हजार २४६ दाम. ४० दामांचा एक रुपया, म्हणजे नऊ कोटी रुपयांच्या वर. आणि या आकड्याच्या शेपटाला, अगदी त्याच वाक्यात, आणखी १२ लाख विड्याची पानं! मला अकबराचं साम्राज्य खऱ्या अर्थाने कळलं ते या पानांपाशी. अब्जांच्या हिशेबात शेवटचे २४६ दाम सोडायचे नाहीत आणि पानंही मोजून घ्यायची. आमच्याकडे एक दिवाणजी होते म्हणे, ते सालदाराला दिलेली बिडीही मांडून ठेवत. त्यांना हा हिशेब आवडला असता.

त्याआधी पाचेक वर्षं एक प्रयोग होऊन गेला होता. दर वर्षी एक कोटीची वसुली होईल असे मुलखाचे तुकडे पाडायचे, प्रत्येकावर एक अधिकारी नेमायचा आणि त्याला म्हणायचं करोडी. नदी कुठून वळते, डोंगर कुठे आडवा येतो, कुठली जमात कुठवर वसली आहे, यातलं काही बघायचं नाही, बेरीज कोटीची झाली की हद्द संपली. या नव्या तुकड्यांना नावंही आदमपूर, शेठपूर, अयूबपूर अशी, पैगंबरांच्या यादीतून एकेक उचललेली. या नावांचा पुढे लोकांच्या तोंडी काही टिकाव लागला नाही. त्याच दरबारातल्या बदायुनी या इतिहासकाराने या करोड्यांच्या जुलमाबद्दल फार कडवट लिहून ठेवलं आहे. बदायुनी सगळ्याबद्दलच कडवट लिहितो हे धरूनही, तो प्रयोग फसला हे खरं.

त्याच प्रयोगाच्या वेळची एक गोष्ट मात्र टिकली. जमीन मोजायला तोवर तागाचा दोर वापरत. तो दंवाने भिजला की आकसायचा, उन्हात वाळला की सैल पडायचा, म्हणजे एकाच शेताची सकाळची मोजणी आणि दुपारची मोजणी वेगळी. मग बांबूचे तुकडे लोखंडी कड्यांनी जोडून नवी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, केली. सकाळचं शेत आणि दुपारचं शेत एक झालं. आमच्या मोजणीला यंदा आलेल्या भूकरमापक साहेबांच्या हातात उपग्रहाशी बोलणारं यंत्र होतं, तरी काका त्यांना राहून राहून विचारत होते, साहेब, साखळी नाही आणली?

वऱ्हाड साम्राज्यात आलं १५९६ मध्ये. चांदबिबीने अहमदनगर वाचवण्याच्या बदल्यात ते तहात सोडून दिलं. १६०० साली अहमदनगरचा किल्लाही पडला आणि १६०१ च्या सुरुवातीला खानदेशातला असीरगड. १२ सुभ्यांचे १५ झाले, वऱ्हाड, खानदेश आणि अहमदनगर धरून. यांतला अहमदनगरचा सुभा म्हणजे कारकुनी आशावादाचा नमुना आहे. शहर हाती आलं होतं, मुलूख नव्हता. मलिक अंबर नावाचा हबशी वजीर पुढची पंचवीस वर्षं त्या मुलखात खरा कारभार करत होता, सारा ठरवत होता, खडकीसारखं नवं शहर वसवत होता, आणि तिकडे वहीत अहमदनगर हा सुभा होता. निजामशाही पुरती संपली १६३६ साली. वहीतलं पान भरायला ३६ वर्षं लागली.

खानदेशाची गोष्ट वेगळी. असीरगड पडल्यावर अकबराने हा सुभा धाकट्या मुलाला, दानियालला दिला आणि त्याच्या नावावरून सुभ्याचं नवं नाव ठेवलं, दानदेश. दानियालला दारूचं भयंकर व्यसन. बापाने दारू बंद केली, पहारे बसवले, तर नोकराने बंदुकीच्या नळीतून दारू चोरून आणली. नळीतला गंज आणि जुन्या बारुदाचा वास तिच्यात उतरला, ती प्यायला आणि अंथरुणाला खिळून मेला, असं त्याच्या भावानेच, जहांगीरनेच, लिहून ठेवलं आहे. १६०५ साली बुऱ्हाणपुरात. दानदेश हे नाव कागदांत थोडे दिवस रांगलं. जळगाव-धुळ्याचा माणूस आजही खानदेशीच आहे आणि त्याला दानियाल नावाच्या कुणी आपलं बारसं केलं होतं याची खबरही नाही.

आता वऱ्हाडाकडे. आईन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचं प्रकरण आहे. ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुण्यातल्या ग्रंथालयात बसून अक्षरशः घरचा वास आला. या मुलखाचं मूळ नाव वरदातट, वरदा ही नदी आणि तट म्हणजे काठ, असं अबुल फजल सांगतो. वरदा म्हणजे आपली वर्धा. पुढे १६ सरकारं आणि १४२ परगणे. सरकारांच्या नावांत गाविलगड, नरनाळा, खेरला, वाशीम, माहूर, पाथरी आणि मेहकर. वऱ्हाडचा एक टंका दिल्लीच्या आठ टंक्यांबरोबर, हेही तो नोंदवतो. त्यावर मी नको इतकी खूश झाले.

मेहकर सरकारात लोणार येतं. ते मोठं तीर्थ आहे, ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, तिथल्या खाऱ्या पाण्यातून काच आणि साबण करायचा माल निघतो, हे सगळं तिथे आहे. ज्या तळ्याच्या काठी आम्ही शाळेच्या सहलीत डबे खाल्ले आणि वासाने नाकं मुरडली, ते बादशहाच्या दफ्तरात उत्पन्न म्हणून चढलं होतं. उल्का पडून ते विवर झालं हे त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्यांना मिठाशी काम.

पण मी थबकले ती दुसऱ्याच ओळीपाशी. अबुल फजल म्हणतो, या देशात चौधरीला देशमुख म्हणतात, कानूनगोला देशपांडे, मुकादमाला पाटील आणि पटवाऱ्याला कुळकर्णी. बस, एवढंच. आकड्यांच्या जंगलात चार मराठी शब्द. मी ती ओळ फोनवर काकांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "मंग? तेच म्हणतेत ना." त्यांच्या लेखी यात बातमी काहीच नव्हती. हजार मैलांवरचा एक दरबारी विद्वान आपला फारसी शब्द बाजूला ठेवून इथे याला काय म्हणतात ते विचारतो आणि लिहून ठेवतो, याचं मला वाटलेलं अप्रूप त्यांना का वाटावं? पाटलाला पाटील म्हटलं, इतकंच तर झालं.

त्या चार शब्दांत साम्राज्याची एक कबुली मात्र आहे असं मला वाटतं. सुभेदार बदलीचा माणूस. दोनतीन वर्षांत त्याला उचलून काबूलहून बंगालला टाकायचे, तो कुठे रुजू नये म्हणूनच. सरकारावरचा फौजदारही बदलीचा. परगण्यापाशी आलं की बदली थांबते. तिथे देशमुख आणि देशपांडे वतनदार, बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. कुठला मळा कुणाचा, कुठला पाट कुणी फोडला, गेल्या दुष्काळात कुणी काय बुडवलं, हे देशपांड्याच्या रुमालात बांधलेलं. निजामशाही गेली, मुघल आले, मुघल गेले, निजाम आला, भोसले आले, आणि प्रत्येक नव्या धन्याने आल्या आल्या याच माणसांना बोलावून विचारलं, तुमच्याकडे किती पिकतं? वरचा मजला दिल्लीत बांधला होता, पण त्याचं वजन तोलत होत्या परगण्याच्या मातीतल्या खुंट्या. आणि त्या खुंट्या स्वतःचं वजन वसूल करून घ्यायला विसरत नव्हत्या हेही खरं. वतनासाठी झालेले खून आणि खोटे महजर, म्हणजे निवाडपत्रं, यांनी आपली जुनी दफ्तरं भरली आहेत. देशमुखी म्हटलं की उगाच डोळे पाणावून घेण्याचं कारण नाही.

सुभेदाराची बदली करून भागत नसे. सुभ्यात त्याच्या बरोबरीने दिवाण नेमलेला असे. फौज आणि बंदोबस्त सुभेदाराकडे, पैसा दिवाणाकडे. अकबराच्या शेवटच्या वर्षांत तर दिवाणांनी आपला हिशेब थेट केंद्रातल्या दिवाणाला द्यावा असा हुकूम निघाला, सुभेदाराच्या हाताखालून त्यांना काढूनच घेतलं. शिवाय बक्षी वेगळा, सदर वेगळा, आणि या सगळ्यांवर कान ठेवून बातमी कळवणारा वाकेनवीस वेगळा. सबनीस, फडणीस, वाकनीस, बक्षी, कानगो अशी आडनावं लग्नपत्रिकेवर वाचताना मला हल्ली आख्खं सुभ्याचं कार्यालय डोळ्यांपुढे दिसतं. तलवार एका हातात, थैली दुसऱ्या हातात, आणि दोन्ही हात एकमेकांच्या चुगल्या दिल्लीला लिहिणार, अशी ती रचना. बादशहाला एकाच गोष्टीची धास्ती होती, आजी तूर पाखडताना बोलली त्या गोष्टीची.

१६३६ मध्ये शहाजहानने दख्खनचे चार सुभे करून त्यांवर १८ वर्षांच्या औरंगजेबाला नेमलं. तो दुसऱ्यांदा इथे आला १६५२-५३ च्या सुमारास, तेव्हा मुलूख उजाड झाला होता. वहीत चार सुभ्यांची जमा, म्हणजे ठरवलेला सारा, साडेतीन कोटी रुपयांच्या वर आणि हाती आलेली वसुली एका कोटीची. दरबारात या फरकाला सरळ भाव होता. दख्खनच्या जहागिरीवर नेमलेल्या मनसबदाराला वर्षाचा पगार मिळे नावाला, प्रत्यक्षात जहागीर चारमाही किंवा सहामाही धरली जाई, म्हणजे वर्षाच्या पगारापोटी चार महिन्यांचं उत्पन्न. बाराचे चार झाले हे सगळ्यांना माहीत, तरी बारा पुसायचे नाहीत! बाप-लेकांची, म्हणजे शहाजहान आणि औरंगजेब यांची, यावरून झालेली पत्रापत्री वाचली की कुठल्याही घरातली वाटते. बाप म्हणतो, तुला कारभार जमत नाही. लेक म्हणतो, इथे येऊन बघा.

औरंगजेबाने मग महसुलासाठी सुभ्यांची हद्द बाजूला ठेवून दख्खनची आणखी एक विभागणी वापरली, पाईनघाट आणि बालाघाट. घाटाखालचा मुलूख, म्हणजे खानदेश आणि अर्धं वऱ्हाड, एका दिवाणाकडे. घाटावरचं सगळं दुसऱ्याकडे. बालाघाटचा दिवाण मुर्शिदकुली खान. गावोगाव अमीन पाठवून जमीन मोजून घेणारा, शंका आली तर दोरीचं टोक स्वतः धरणारा माणूस म्हणून त्याची ख्याती होती. ही विभागणी वाचताना मी मोठ्याने हसले. बुलडाणा जिल्ह्यात सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न काय असतो? मुलगी घाटावरची का घाटाखालची? मेहकर, चिखली, लोणार घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव घाटाखाली. घाटाखालच्यांना वाटतं घाटावरचे आडमुठे, घाटावरच्यांना वाटतं खालचे चैनी, कारण त्यांच्याकडे काळी माती आणि कापूस. ही रेघ मुर्शिदकुलीने मारली नव्हती, अजिंठ्याच्या डोंगराने मारली होती. त्याने ती ओळखली एवढंच. करोडींना जमलं नाही ते इथे जमलं. दानदेश बुडाला आणि घाट टिकला, त्याचं कारणही मला यातच दिसतं.

सरकार आणि सुभा या दोन शब्दांचं पुढे जे झालं तेही गमतीचं. मुघलांच्या उतरंडीत सरकार सुभ्याच्या पोटात. आज सरकार म्हणजे सगळ्यात वरची सत्ता, मुंबईची नाहीतर दिल्लीची, आणि सुभ्याला सरकारदरबारी जागाच नाही. सुभा आक्रसत गेला, तागाच्या दोरासारखा. शिवाजी महाराजांच्या राज्यात मौजा, तर्फ, सुभा अशी रचना होती, पण तिथला सुभा मुघल सुभ्याच्या मानाने चिमुकला, एखाद्या जिल्ह्यात मावेल एवढा. मुघल सुभा त्याच्या सुभेदाराला कधी पुरता पालथा घालता येत नसेल, स्वराज्यातला सुभा घोड्यावर बसून पाहता येत होता. पेशवाईत सुभेदार म्हटलं की मल्हारराव होळकर, माळव्याचे. इंग्रजांनी तोच शब्द फौजेत देशी अधिकाऱ्याच्या हुद्द्याला लावला, आणि डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार म्हणून ओळखले गेले ते त्या हुद्द्याने. माळव्याचा मुलूख सांभाळणारा शब्द महूच्या छावणीत खांद्यावरच्या पट्टीवर आला. तिथून आजीच्या सुपापर्यंत तो कुठल्या वाटेने आला कोण जाणे, पण येताना नेमका अर्थ घेऊन आला.

तो अर्थ घडला अठराव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत. विजापूर १६८६ ला आणि गोवळकोंडा १६८७ ला घेतल्यावर औरंगजेबाचे एकूण २१ सुभे झाले होते, त्यांत दक्षिणेचे सहा : खानदेश, वऱ्हाड, औरंगाबाद, बिदर, विजापूर, हैदराबाद. साम्राज्य इतकं मोठं कधीच नव्हतं आणि वही इतकी पोकळ कधीच नव्हती. १७०७ मध्ये तो गेला. बंगालमध्ये आणखी एक मुर्शिदकुली खान (हा वेगळा, गंमत म्हणजे हा तरुणपणी वऱ्हाडच्या दिवाणाकडे नोकरीला होता) आधी दिवाण होता, १७१७ साली सुभेदारही झाला. तलवार आणि थैली एका हातात आली. अकबराने बांधलेली गाठ तिथे सुटली. १७२२ मध्ये अवधला सादतखान जाऊन बसला, तो सुभा पुढे त्याच्या घराण्यानेच चालवला. या कुणीही बंड पुकारलं नाही. बादशहाचं नाव खुतब्यात, नाण्यावर, पत्राच्या मायन्यात. फक्त बदली झाली की जायचं नाही, आणि हिशेब मागितला की पाठवायचा नाही. तट्ट्यांच्या भिंतीपलीकडून काकाही सणाला येऊन आजीच्या पाया पडून जातच होते.

सगळ्यात ठळक सवता सुभा मांडला गेला तो आमच्याच जिल्ह्यात, आमच्या गावापासून एसटीने फारतर दीड तासावर. साखरखेर्डा. तेव्हाचं शकरखेडा. १७२४ मध्ये निजामुल्मुल्क, म्हणजे पुढे हैदराबादचा पहिला निजाम झाला तो, दक्षिणेत निघून आला, बादशहाने त्याच्याविरुद्ध हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान याला फूस दिली, आणि ऑक्टोबरमध्ये दोघांची गाठ इथे पडली. मुबारिझखान मारला गेला. त्याचं शीर निजामाने दिल्लीला पाठवलं, बंडखोर मोडून काढल्याच्या अभिनंदनासह, असं सांगतात. ज्याने त्या माणसाला पाठवलं त्यालाच त्याच्या पारिपत्याचा मुजरा! गावाचं नाव फतेहखेर्डा ठेवलं. हेही नाव दानदेशाच्या वाटेने गेलं. लहानपणी आम्ही त्या गावावरून शेकडो वेळा गेलो असू. एका साम्राज्याचं दार इथे निखळलं हे कुणी सांगितलं नाही. आमची उत्सुकता तिथल्या स्टँडवरच्या भजीपुरती होती.

आणि मराठे? त्यांनी त्या सुभ्यांचं जे केलं ते मला अजूनही विलक्षण वाटतं. १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन आला. स्वराज्य, म्हणजे शिवाजी महाराजांचा मूळ मुलूख, आणि त्याशिवाय दक्षिणेच्या सहाही सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी. शेकडा २५ आणि वर शेकडा १०. कशाचे? वहीतल्या जमेचे. सहा सुभ्यांची मिळून जमा धरली होती १८ कोटी रुपये, आणि त्यांतले निम्म्याहून कितीतरी जास्त विजापूर आणि हैदराबाद या दोन सुभ्यांच्या नावावर, जिथे कर्नाटकातला कुणी न जिंकलेला मुलूखही मांडून ठेवलेला. एवढं कधीच वसूल होणार नाही हे देणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. पण मराठ्यांना फुगलेला आकडाच हवा होता. येणं जितकं मोठं तितकी बाकी मोठी, आणि बाकी असली की घोडी पुढे काढायला कारण कायमचं. मुलूख त्यांनी मागितला नाही, वहीतला एक रकाना मागितला. आणि त्या रकान्याचे पुन्हा बारीक रकाने पाडले, राजबाबती, मोकासा, सहोत्रा, नाडगौडा, एकेका गावाची चौथाई चार ठिकाणी वाटलेली, म्हणजे कुणालाच एकट्याला सवता सुभा मांडता येऊ नये. भीती तीच, अकबराचीच. उपाय मात्र अस्सल वाटणीवाल्या घरातला : प्रत्येक शेतात प्रत्येकाचा तुकडा. पुढे होळकर, शिंदे, भोसले, गायकवाड यांनी काय मांडलं ते सांगायला नको.

वऱ्हाडाचं मग जे झालं ते फार थोडक्यात सांगते, कारण आमच्याकडे ते कंटाळा येईस्तोवर ऐकवतात. नागपूरकर भोसले आणि निजाम यांची दुअमली, सारा वसूल करणारे दोघांचे दोन कमावीसदार एकाच गावात. १८०३ मध्ये देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड सोडलं. १८५३ मध्ये निजामाने ते फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे लावून दिलं, १९०२ मध्ये कायमच्या पट्ट्याने दिलं, दुसऱ्याच वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. आजोबांच्या मॅट्रिकच्या दाखल्यावर 'सी. पी. अँड बेरार' आहे. ते मराठी बोलत, कारभार नागपूरचा, मालकी कागदोपत्री हैदराबादच्या निजामाची, ज्याच्या थोरल्या मुलाला १९३६ पासून 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणत, आणि राज्य इंग्रजांचं. आजोबांना विचारलं की तुम्ही तेव्हा नक्की कुणाचे होता, तर ते म्हणत, "मेहकरचे."

मोजणी दोन दिवस चालली. जुन्या नकाशातला बांध आणि शेतातला बांध यांत सात-आठ हातांचा फरक निघाला, विहिरीपाशी. भूकरमापक म्हणाले, असं निघतंच. बाबा आणि काका बराच वेळ विहिरीच्या काठावर बसून राहिले आणि मग काकांनीच सांगितलं की नकाशा जुना असो, बांध आहे तिथेच राहू द्या, त्यावर बाभळी आहेत. कागदांवर सह्या झाल्या. त्यांवर 'मौजे' अजून आहे, नंतर तालुका, मग जिल्हा. परगणा कधीच गळला, सरकार वर गेलं.

मोडीचं ते पान कुणी ठेवायचं यावर मात्र काही ठरेना. सहहिश्शाचं आहे, असं बाबा म्हणाले. शेवटी ते माझ्याकडे आलं. सध्या पुण्यात, कपाटात, पारदर्शक पाकिटात आहे. कसरीने खाल्लेल्या जागी काय असेल ते मी अधूनमधून उजेडाला धरून बघते. पुढची दोनतीन अक्षरं असावीत अशी जागा आहे.

वाड्यात आता तट्ट्यांच्या जागी विटांची भिंत घालायची आहे, रीतसर. गवंड्याने माप घेतलं, विटा येऊन पडल्या. भिंतीत दार ठेवायचं असं काकूचं म्हणणं आहे. काका म्हणतात दार ठेवायचं असेल तर भिंत कशाला. गवंडी तीनदा येऊन गेला.